वरमाला रेझिनमध्ये ठेवायचीय, पण फूल काळं पडतंय!

प्रश्न: लग्नाला आठ दिवस झाले, दोन्ही हार फ्रिजमध्ये आहेत. गुलाब, मोगरा, गुलछडी असं सगळं आहे. आठवण म्हणून रेझिनची, म्हणजे ओतल्यावर घट्ट होणाऱ्या पारदर्शक द्रवाची, फ्रेम करायचीय. ट्रायल म्हणून एक गुलाब मोल्डमध्ये ठेवून वर रेझिन ओतलं तर दोन दिवसांत तो तपकिरी झाला आणि बाजूने बुडबुडेच बुडबुडे. काय चुकलं? – नवी नवरी, चिपळूण

उत्तर: अगं, ताजं फूल टाकलंस ना, तिथेच चुकलं. रेझिनमध्ये बंद केलं म्हणजे फूल टिकलं असं नसतं, पाकळीतलं पाणी आतच अडकतं आणि फूल आतल्या आत कुजतं, वर रेझिनही धुरकट होतं. आधी फूल पूर्ण वाळवायचं, मगच रेझिन.

पहिल्यांदा हार सोडव, अख्खा हार तसाच ओतायच्या भानगडीत पडू नकोस, कारण दोऱ्यात हवा आणि ओल दोन्ही असते. मग ओल शोषून घेणारी सिलिका जेल आण, पण बुटांच्या खोक्यात पुडी येते ती नाही, क्राफ्टच्या दुकानात बारीक साखरेसारखी मिळते ती. घट्ट झाकणाच्या डब्यात एक थर घालायचा, गुलाब उभा ठेवायचा आणि चमच्याने हळूहळू पाकळ्यांच्या मधेमधे सोडत फूल पूर्ण बुडवायचं, एकदम ओतलंस तर फूल चपटं होतं. आठवडाभर तरी डबा उघडायचा नाही. वाळलेली पाकळी पापडासारखी कुरकुरीत लागते, जरा जरी मऊ लागली तर परत आत. तुमच्याकडे पाऊस सुरू झाला की बाहेर काढलेलं फूल तासाभरात पुन्हा नरम पडेल, त्यामुळे लगेच ओतायचं नसेल तर डब्यातच राहू दे.

रंगाचं आधीच सांगते, नंतर माझ्यावर चिडू नकोस. लाल गुलाब वाळला की मरून होतो, कधी काळपटच. मोगरा पांढरा राहत नाही, बदामी होतो, कितीही जपलास तरी. गुलछडीची नळी जाड आणि रसाळ, ती उभी चिरून वाळव नाहीतर सोडूनच दे. झेंडू आणि शेवंती मात्र रंग छान धरतात. आठ दिवस फ्रिजमध्ये राहिल्यामुळे कडा डागाळलेल्या असतील, त्या पाकळ्या काढून टाक आणि कमी पडलं तर बाजारातून चार गुलाब आणून भर, सासूबाईंनाही कळणार नाही!

ओतताना एकदम जाड थर नको. रेझिन आणि ते घट्ट करणारं हार्डनर मिसळले की गरम होतात, जाड थरात उष्णता अडकते आणि तडे जातात, कधी कधी धूरसुद्धा निघतो. पहिला पातळ थर ओत, तो जेलीसारखा झाला की फुलं मांड, नाहीतर ती तरंगून वर येतात, मग पुढचे थर. आणि हे काम स्वयंपाकघरात नको गं, खिडक्या उघड्या असलेल्या खोलीत कर, नायट्राइलचे ग्लोव्हज घाल. हाताला सारखं लागत राहिलं तर ॲलर्जी होते, आणि एकदा झाली की थेंबभर लागलं तरी परत खाज.

प्रश्न: रेझिनमध्ये फुलांचे कोस्टर (कपाखाली ठेवायच्या चकत्या) केले, तीन दिवस झाले तरी चिकटच आहेत. वरून अजून थोडं हार्डनर लावू का? – सोलापूर

उत्तर: नका लावू, काही उपयोग नाही. बहुतेक माप चुकलंय. रेझिन आणि हार्डनरचं प्रमाण कुठल्या कंपनीचं 2:1 असतं, कुठल्याचं 3:1, आणि ते वजनाने की आकारमानाने हे बाटलीवर बघावं लागतं, कारण हार्डनर सहसा रेझिनपेक्षा हलकं असतं, कपाने मोजायचं ते काट्यावर मोजलं की हिशोब बिघडतो. माझे पहिले सहा कोस्टर असेच गेले, त्यातल्या एकाला पेपर चिकटला तो अजून निघाला नाहीये. नुसता वरचा थर चिकट असेल तर खरवडून पुसा आणि नीट मोजलेला नवा पातळ थर द्या, आतपर्यंत मऊ असेल तर टाकूनच द्या. आणि चांगले झाले तरी त्यावर उकळत्या चहाचा कप ठेवू नका, साधं रेझिन उष्णतेने मऊ पडतं आणि कपाचा गोल ठसा उठतो. सरबताला चालतात.