बिलावर ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असं छापलेलं असताना खराब चादरी परत देता येतात का?

ताई, तुम्ही लिहिलंय की आठ दिवसांपूर्वी नवी पेठेतून चार सोलापुरी चादरी घेतल्या. दोन धुतल्या, तर पहिल्याच पाण्यात लाल रंग सुटून पांढऱ्या पट्ट्यांवर पसरला. आता दुकानदार बिलाच्या तळाशी छापलेलं ते वाक्य दाखवतोय.

माल सदोष असेल तर त्या वाक्याचा त्याला आधार नाही. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू आहे. सदोष माल परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही त्याच्या कलम २ (४७) नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर मुदत दिली असेल तर त्या मुदतीत, नसेल तर तीस दिवसांत त्याने माल परत घ्यायला हवा. मात्र रंग घरी गेल्यावर आवडला नाही किंवा तशीच चादर आहेरात आली, एवढ्यासाठी कायदा त्याला भाग पाडत नाही.

म्हणजे सगळं येऊन थांबतं ते दोष सिद्ध करण्यावर. माझी अठ्ठावीस वर्षं यंत्रमागावर गेली, त्यामुळे तो काय म्हणणार हे मला आत्ताच ऐकू येतंय: ‘तुम्ही गरम पाण्यात भिजवली असणार.’ म्हणून उरलेल्या दोन चादरी अजिबात धुऊ नका. तुमचा खरा पुरावा त्याच आहेत. पांढरा सुती रुमाल ओला करून घट्ट पिळा आणि न धुतलेल्या चादरीच्या लाल भागावर दहा-पंधरा वेळा घासा. गडद रंग पहिल्या पाण्याला थोडा सुटतोच, रुमाल जरासा गुलाबी झाला तर त्याला मी दोष म्हणणार नाही. पण रुमाल लालभडक झाला तर रंगच कच्चा आहे, धुण्याचा काही संबंध नाही. घासताना मोबाइलवर व्हिडिओ काढा, त्यात चादरीचं लेबल दिसू द्या.

आणखी एक बघा. चादर उलटी करा. आपल्या जेकॉर्ड चादरीची नक्षी विणीतच असते, ती मागच्या बाजूला अदलाबदल झालेल्या रंगांत दिसते. मागची बाजू फिकट आणि नक्षी नुसती वरवर छापलेली असेल, तर ती आपली पारंपरिक सोलापुरी चादर नव्हे. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, म्हणजे ते नाव ठरलेल्या भागातल्या ठरलेल्या मालालाच लावता येतं. त्या नावाखाली दुसराच माल गळ्यात मारला असेल तर ती वेगळी फसवणूक, तीही तक्रारीत लिहा. हे बघितलं की माझा जीव तुटतो, कारण त्या नावामागे या गावातल्या विणकरांच्या पिढ्या आहेत.

आधी दुकानात जाऊन शांतपणे सांगा. नाही ऐकलं तर फोटो आणि बिलासकट लेखी मागणी द्या, व्हॉट्सअ‍ॅपवरही पाठवा. मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. बरेच दुकानदार तिथूनच फोन आला की नरमतात. शेवटी जिल्हा ग्राहक आयोग आहेच. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी नाही, वकील लावलाच पाहिजे असंही नाही आणि तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते. गरज पडली तर आयोग नमुना प्रयोगशाळेत तपासून घेऊ शकतो, म्हणूनच त्या दोन कोऱ्या चादरी जपा.

तुमच्याकडे पक्कं बिल आहे, ही मोठी गोष्ट. मी एकदा मिक्सर घेतला होता, दुकानदाराने कोऱ्या कागदावर आकडा लिहून दिला, ना दुकानाचं नाव, ना तारीख. महिन्याभरात मोटर जळली तेव्हा तो म्हणाला, ‘आमच्याकडून घेतला कशावरून?’ पैसे रोख दिलेले, मी काही बोलू शकलो नाही. बायकोने दिवाळीच्या बोनसमधून हौसेने घेतलेला मिक्सर होता तो. बिल न देणं हीसुद्धा कायद्याने अनुचित प्रथाच आहे, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. तुमच्या बिलाचा आजच फोटो काढून ठेवा, मशीनमधून छापून निघणाऱ्या बिलावरची अक्षरं काही काळाने उडतात.

रुमाल घासून झाला की उजेडात त्याचा फोटो काढून इथे टाका. रंग कच्चा आहे की नेहमीसारखा सुटलाय, ते मी बघून सांगतो.