साताऱ्याजवळच्या कास पठारावर पहिल्यांदा जाताय? आधी पाणी बघा

फुलांची नावं पाठ करून जाऊ नका. पहिल्या वर्षी मी यादी घेऊन फिरलो. फुलं दिसली, पठार दिसलंच नाही.

आधी पाणी कुठे किती साचलंय ते बघा. जांभा दगड, त्यावर जेमतेम बोटभर माती. पाणी खाली मुरत नाही आणि पोषक द्रव्यं वाहून जातात. त्यामुळे पडणारी नत्राची टंचाई दवबिंदू आणि सीतेची आसवं या छोट्या वनस्पती किडे पकडून भागवतात. (सीतेच्या आसवांचं नाजूक जांभळं फूल बघून कुणाला शिकारी वाटेल?) ओलसर, उथळ मातीत गेंद, म्हणजे गोल पांढऱ्या गोंड्यांची फुलं, पसरलेले असतात. पाणी साचून राहणाऱ्या डबक्यात वायतुरा ही पाणवनस्पती सापडू शकते. उतारावर माती खोल झाली की कारवीची झुडपं. चार पावलांत वनस्पतींची वस्ती बदलते, ती पाण्याच्या खोलीमुळे आणि ते किती दिवस टिकतं त्यामुळे.

सुरुवातीला बहुतेकजण इथे चुकतात:
- फक्त सप्टेंबरच्या एका रविवारी जाणं. जमलं तर जुलै ते ऑक्टोबर त्याच जागी तीनदा जा.
- फक्त फुलाचा फोटो काढणं. पानं, बुंधा आणि आजूबाजूचं पाणीही घ्या.
- चिखलात पाय घालणं. आखलेली वाट सोडू नका, आणि तिथेही पाय उघड्या खडकावरच ठेवा.

दहापट भिंग आणि पेन्सिल पुरे. गेंदाच्या जाती ओळखायच्या भानगडीत यंदा पडू नका, त्यात भलेभले अडकतात.