‘बावल’ला इंग्रजीत एक शब्द नाही

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जहाजावर पहिल्यांदाच जाणाऱ्या नऊ फिलिपिनो मुलांना तुम्ही पुण्यात बसून ऑनलाइन इंग्रजी शिकवताय. नियम, परवानगी, आज्ञा या विषयाचे चाळीस शब्द त्यांनी पाठ केलेत. अर्थ विचारला की धडाधड सांगतात, वाक्य करायला दिलं की ‘आय ॲम प्रोहिबिट टु स्मोक’ असलं काहीतरी येतं. शिवाय प्रत्येक सूचनेला ‘येस मॅम’ म्हणतात आणि दुसऱ्या दिवशी तीच चूक करून आणतात. यादी चुकली की मुलं कच्ची आहेत, असं तुम्ही विचारलंय.

मी शिक्षक नाही. मर्चंट नेव्हीत बावीस वर्षं काढली, शेवटची नऊ चीफ ऑफिसर म्हणून, आणि जवळपास प्रत्येक जहाजावर डेकची माणसं फिलिपिनोच होती. हे शब्द मी डेकवर शिकवले, आणि काही वेळा चुकीचे शिकवले. तेवढ्या जोरावर लिहितोय.

मुलं कच्ची नाहीत. १९०१च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतून सुमारे ५०० शिक्षक ‘थॉमस’ नावाच्या जहाजाने मनिलाला उतरले, तेव्हापासून तिथल्या शाळांत इंग्रजी मुरलेलं आहे. आजही फिलिपिनो भाषेच्या जोडीला इंग्रजी तिथली राजभाषा आहे. शब्द त्यांच्याकडे आहेत. पण परवानगी कुठे संपते आणि हुकूम कुठे सुरू होतो, त्या रेघा त्यांच्या भाषेत वेगळ्या जागी मारलेल्या आहेत, आणि शब्दयादीत रेघा दिसत नाहीत.

माझ्या फजितीपासून सुरुवात करतो. आम्ही सिंगापूरबाहेर नांगर टाकून पडलो होतो. सकाळच्या मीटिंगमध्ये मी बोसनला, म्हणजे डेकच्या खलाशांच्या मुकादमाला, म्हणालो, ‘सर्व्हेयर मे कम टुडे, सो यू मे गो इनसाइड द चेन लॉकर आफ्टर लंच.’ माझ्या डोक्यात होतं, सर्व्हेयर आला तर कदाचित जावं लागेल, तयारीत राहा. सव्वा वाजता कॅडेट पळत आला. बोसनने झाकण काढलंय, एक पाय आत आहे, परमिट झालंय का? परमिट, म्हणजे आत शिरायची लेखी परवानगी, अर्थातच झालं नव्हतं. चेन लॉकर म्हणजे नांगराची साखळी साठवायची बंद खोली. ओली साखळी गंजते आणि गंज हवेतला प्राणवायू खातो. बाहेरच्या हवेत तो जवळपास २१ टक्के असतो; आत इतका कमी असू शकतो की माणूस दोन श्वासांत कोसळावा. वास नाही, रंग नाही. बोसनला बाहेर घेतलं, त्याला काही झालं नाही. तो माझ्याकडे बघत एवढंच म्हणाला, ‘सर, यू सेड मे.’

त्याचं बरोबर होतं. फिलिपिन्सच्या शाळेत पोरगं हात वर करून विचारतं, ‘मॅम, मे आय गो आउट?’ म्हणजे संडासाला जाऊ का. पहिलीपासून त्याच्या कानात ‘मे’ म्हणजे मागितलेली किंवा दिलेली परवानगी. ‘कदाचित’वाला ‘मे’ त्याला पुस्तकात भेटतो, पण साहेबाच्या तोंडून आला की पहिलाच अर्थ लागतो. आपलंही काही वेगळं नाही. ‘तू जाऊ शकतोस’ हे वाक्य मराठीत परवानगीचं आहे की ताकदीचं, ते म्हणणाऱ्याच्या सुरावरून कळतं.

ही अडचण जहाजांच्या जगाने आधीच ओळखली आहे. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २००१ साली समुद्रावरच्या बोलण्यासाठी ठरावीक वाक्यांचा संच स्वीकारला. त्यात ‘मे’, ‘माइट’, ‘शुड’, ‘कुड’ हे शब्द संदिग्ध म्हणून चक्क बाजूला काढलेत. ‘मे आय एंटर द फेअरवे?’ (फेअरवे म्हणजे जहाजांचा ठरलेला जलमार्ग) असं विचारायचं नाही; ‘क्वेश्चन. डू आय हॅव पर्मिशन टु एंटर द फेअरवे?’ असं विचारायचं. उत्तरही ‘यू मे’ नाही, ‘यू हॅव पर्मिशन’. ‘शुड’च्या जागी वाक्याआधी ‘ॲडव्हाइस’ असं मोठ्याने म्हणून टाकायचं.

तुमच्या वर्गाला यातलं सगळ्यात उपयोगी काय, तर हे आधी उच्चारायचे शब्द. ते आठ आहेत, पण तुम्हाला लागतील ते दोन. ‘इन्स्ट्रक्शन’ म्हटलं की बोलणाऱ्याला पूर्ण अधिकार आहे. ऐकणाऱ्याला ते पाळावं लागतं, आणि सुरक्षेच्या कारणाने पाळता येत नसेल तर तसं कळवावं लागतं. ‘ॲडव्हाइस’ म्हटलं की निर्णय ऐकणाऱ्याचा. चाळीस शब्दांची तुमची यादी या एका प्रश्नावर लावून बघा: ठरवणार कोण? ‘अलाउ’मध्ये ठरवणारा दुसरा. ‘अग्री’मध्ये मी स्वतः. त्यांच्या भाषेत या दोन्हींचं मूळ एकच, ‘पायग’. ‘पुमायग’ म्हणजे तो कबूल झाला, ‘पिनायागान’ म्हणजे त्याला परवानगी मिळाली. म्हणून ‘माय मदर अग्रीड मी टु गो’ असं वाक्य आलं तर त्यावर नुसती लाल रेघ मारू नका. आईने होकार दिला, हे त्याने त्याच्या भाषेतून अगदी बरोबर आणलंय.

आता ‘बावल’, म्हणजे मनाई. मनिलात उतरलात की पहिला शब्द हाच वाचाल. भिंतीवर ‘बावल उमिही दितो’, म्हणजे आपलं ‘येथे लघवी करू नये’. (या बाबतीत दोन्ही राष्ट्रांची सांस्कृतिक एकता थक्क करणारी आहे.) मनिलाच्या मोठ्या रस्त्यांवर एक पाटी असायची: इथे ओलांडायला बावल, इथे आधीच कुणीतरी मेलंय. ‘बावल’च्या पुढे थेट क्रियापद लागतं, बाकी काही नको. त्या सवयीने ‘प्रोहिबिट टु स्मोक’ येतं. इंग्रजीत मात्र याच एका शब्दाचे चार तुकडे आहेत आणि प्रत्येकाचं घर वेगळं. बोलताना ‘नॉट अलाउड’. पाटीवर आणि कायद्यात ‘प्रोहिबिटेड’. ‘फर्बिडन’ला जरा सोवळ्याचा वास आहे, देवाधर्माचं किंवा वडिलांनी मना केलेलं. ‘बॅन’ म्हणजे सरकारने किंवा संस्थेने घातलेली बंदी, आणि तो त्यांना झोपेतही कळतो, कारण तिथे निवडणूक आली की ‘लिकर बॅन’ आणि ‘गन बॅन’ लागतात. तिथून सुरुवात करा. जहाजावर ‘नॉट अलाउड टु’ एवढं एक पक्कं झालं तरी काम भागतं. ‘प्रोहिबिट’नंतर ‘फ्रॉम’ येतं आणि ‘लेट’नंतर ‘टु’ येत नाही, हे दोन नियम पाठच करून घ्या, त्यात समजावण्यासारखं काही नाही.

सगळ्यात धोकादायक जोडी मात्र वेगळीच: ‘मस्ट नॉट’ आणि ‘डोंट हॅव टु’. ‘मस्ट’ म्हणजे त्यांच्या भाषेत ‘काइलांगन’, गरजेचं, असं शिकवलं की पोरगं त्याला नकार लावतं आणि ‘मस्ट नॉट’चा अर्थ ‘गरज नाही’ असा करून बसतं. ‘यू मस्ट नॉट एंटर’ या पाटीचा अर्थ ‘आत जायची गरज नाही’ असा लावला, तर पुढे काय होईल ते चेन लॉकरच्या गोष्टीत आलंच आहे. मराठीत आपली ही सोय छान आहे, ‘जाऊ नये’ आणि ‘जावं लागत नाही’ यांत कुणी घोळ घालत नाही. त्यांच्याकडेही आहे: ‘बावल’ आणि ‘हिंदी काइलांगन’. (त्यांच्या भाषेत ‘हिंदी’ म्हणजे ‘नाही’. पहिल्या जहाजावर मी ‘आय स्पीक हिंदी’ म्हणालो तेव्हा मेसमध्ये हशा पिकला होता.) म्हणून ‘मस्ट नॉट’ हा ‘मस्ट’चा नकार म्हणून शिकवूच नका. तो ‘बावल’चा भाऊ म्हणून, निराळ्या दिवशी शिकवा.

एकदा मेसमनला, म्हणजे जेवण वाढणाऱ्या पोराला, मी विचारलं, शोअर लीव्हला (बंदरात उतरायच्या सुटीला) जातोयस तर चीफ कुकला विचारलंस का? तो म्हणाला, ‘येस सर, आय ऑलरेडी सेड गुडबाय.’ मी चिडलो. नंतर बोसनने उलगडून सांगितलं. ‘मगपाआलम’ म्हणजे निरोप घेणं आणि जायची परवानगी मागणं, दोन्ही. मूळ शब्द ‘अलाम’, ठाऊक असणं. समोरच्याच्या कानावर घालणं हाच निरोप आणि हीच परवानगी. ऐकल्यावर मला आमची आजी आठवली. पाहुणा उठताना ‘येऊ का?’ विचारतो आणि यजमान ‘या’ म्हणतो. परवानगी मागितली, दिली, निरोपही झाला. तुम्हाला हा धडा इतर कुठल्याही शिक्षकापेक्षा सोपा जाईल. फक्त मुलांना सांगा, इंग्रजीत हे दोन वेगळे व्यवहार आहेत. ‘आस्क पर्मिशन’नंतर उत्तराची वाट बघावी लागते, ‘गुडबाय’नंतर नाही.

‘ओबे’ आणि ‘फॉलो’चंही असंच आहे, पण इथे त्यांची भाषा तुमच्या बाजूने आहे. मूळ ‘सुनोद’. ‘सुंदिन’ म्हणजे आज्ञा किंवा नियम पाळणं, ‘सुंदान’ म्हणजे एखाद्याच्या मागून जाणं. शेपूट बदललं की अर्थ बदलतो. इंग्रजी ‘फॉलो’ दोन्हीकडे चालतो, तेव्हा ‘फॉलो द बोसन’ म्हटल्यावर त्याच्या मागे जायचं की त्याचं ऐकायचं, हे मुलांना एकमेकांत भांडू द्या. माझा सल्ला, ‘ओबे’ त्यांच्या तोंडी बसवूच नका. जहाजावर कुणी ‘ओबे’ म्हणत नाही, ‘फॉलो द ऑर्डर’ म्हणतात. उलट ‘डिसओबे’ मात्र नीट शिकवा. तिथे हट्टी, नियम न जुमानणाऱ्या माणसाला ‘पासावाय’ म्हणतात. करोनाच्या टाळेबंदीत तो शब्द सगळ्यांच्या तोंडी होता. ‘पासावाय’मध्ये थोडा वैताग असतो आणि थोडा लाडही. बोसन तो शब्द मनात धरून रिपोर्टमध्ये ‘डिसओबेड’ लिहितो आणि बिचाऱ्या खलाशावर शिस्तभंगाचं बालंट येतं, जेव्हा तो नुसता विसरलेला असतो. ‘फरगॉट’, ‘इग्नोर्ड’, ‘रिफ्यूज्ड’. हे तीन वेगळे करता येणं चाळीस शब्दांपेक्षा महत्त्वाचं आहे.

‘परमिट’ची एक गंमत. नाम म्हणून तो त्यांना चांगलाच ठाऊक आहे, कारण फी भरल्याचं परमिट नसेल तर परीक्षेला बसू द्यायचं नाही, ही ‘नो परमिट, नो एग्झाम’ पद्धत तिथे वर्षानुवर्षं होती. २०२४ साली कायदा करून तिला मनाई करावी लागली. क्रियापदात मात्र अडखळतात. नामाचा आघात पहिल्या अक्षरावर, क्रियापदाचा दुसऱ्यावर, हे त्यांच्याच भाषेतून सांगा. ‘बूकस’ म्हणजे उद्या, ‘बुकास’ म्हणजे उघडं; फरक फक्त आघाताचा. दोन मिनिटांत कळेल. ‘फ’चा ‘प’ आणि ‘व्ह’चा ‘ब’ कुणी करत असेल तर मागे लागू नका, रेडिओवर तेवढं समजतं.

राहिलं ‘येस मॅम’. फिलिपिनोत मोठ्यांशी बोलताना वाक्यात ‘पो’ घालतात. आदराने हो म्हणायचं तर ‘ओपो’. इंग्रजीत ‘पो’ ठेवायला जागाच नाही, म्हणून तो सगळा आदर ‘सर’ आणि ‘मॅम’वर येऊन बसतो. ‘येस मॅम’ म्हणजे ‘ऐकतोय हं’, गोष्ट ऐकताना आपण हुंकार देतो तसा. त्यात ‘समजलं’ नसतं, ‘करतो’ तर नसतंच, आणि ‘समजलं नाही’ असं मॅमच्या तोंडावर म्हणणं त्याला उद्धटपणा वाटतो. ‘डू यू अंडरस्टँड?’ विचारणं सोडून द्या, त्याला एकच उत्तर येतं.

ब्रिजवर, म्हणजे जहाज जिथून चालवतात तिथे, यावर जुना उपाय आहे. मी ‘पोर्ट टेन’ (सुकाणू डावीकडे दहा अंश) म्हटलं की सुकाणूवरचा माणूस ‘येस सर’ म्हणत नाही, ‘पोर्ट टेन’ म्हणतो, आणि सुकाणू तिथे पोचलं की पुन्हा सांगतो. तुमच्या वर्गातही तेच करा. सूचना द्या, ती जशीच्या तशी परत म्हणून घ्या, मग विचारा: इन्स्ट्रक्शन, ॲडव्हाइस की पर्मिशन? पहिले दोन दिवस मुलं लाजतील, हसतील. आठवड्याने एखादा स्वतःहून उलट विचारेल, ‘मॅम, यू सेड मे. इज दॅट पर्मिशन?’ त्या दिवशी त्याला शाबासकी द्या आणि तुमचं वाक्य दुरुस्त करा.

यादीतले ‘अबाइड’, ‘ॲडहिअर’, ‘कन्सेंट’ वगैरे तूर्त बाजूला ठेवा. परीक्षेत येत असतील तर आदल्या दिवशी घोकून घ्या, जहाजावर मला बावीस वर्षांत लागले नाहीत.