खासगी एफएमवर स्थानिक बातम्या का लागत नाहीत?

कारण परवानगीच नाही. आपल्याकडे रेडिओवर स्वतःच्या बातम्या देण्याचा अधिकार फक्त आकाशवाणीला आहे. २०११ च्या धोरणानुसार खासगी एफएमला आकाशवाणीचं बातमीपत्र लावता येतं, पण जसंच्या तसं, एक शब्दही न बदलता. कम्युनिटी रेडिओलाही, म्हणजे स्थानिक संस्था आपल्या परिसरासाठी चालवतात त्या छोट्या केंद्रांनाही, स्वतःच्या बातम्यांना मनाई. म्हसवडची माणदेशी तरंग वाहिनी गावच्या माणसांचा आवाज गावापर्यंत पोचवते, पण तालुक्याचं स्वतःचं बातमीपत्र काढू शकत नाही.

मग आरजे ट्रॅफिक कसा सांगतो? वाहतूक, हवामान, परीक्षा, पाणी-वीज, पूर-वादळाचे इशारे, हे सगळं नियमात 'बातमी' धरलं जात नाही, म्हणून.

मला ही बंदी अजिबात पटत नाही. पेपर, टीव्ही, यूट्यूब यांना मोकळीक आणि शेतात काम करताकरता ऐकता येणाऱ्या रेडिओलाच कुलूप! ट्रायने, म्हणजे दूरसंचार आणि प्रसारणावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाने, सप्टेंबर २०२३ मध्ये खासगी एफएमला तासाला १० मिनिटं बातम्या देऊ द्या, अशी शिफारस केली होती. ती मान्य करायलाच हवी.

तोवर आकाशवाणीच्या पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगर केंद्रांची प्रादेशिक बातमीपत्रं ऐका.