टॅग काढले, तरी डिस्क भरलेलीच

प्रश्न : स्वतःच्या सर्व्हरवर डॉकर रजिस्ट्री (इमेज, म्हणजे प्रोग्राम आणि त्याला लागणाऱ्या फाइलींचे तयार गाठोडे, साठवण्याची जागा) चालवतो. जुने टॅग काढले, पण जागा मोकळी झाली नाही. असे का?

उत्तर : टॅग म्हणजे इमेजला लावलेली नुसती नावाची चिठ्ठी. जागा खातात ते लेयर, म्हणजे इमेज ज्यांची बनते ते फाइलींचे थर, आणि एकच लेयर अनेक इमेज वापरत असल्याने रजिस्ट्री तो आपणहून पुसत नाही. आधी मॅनिफेस्ट (इमेजमध्ये कोणते लेयर आहेत त्याची यादी) त्याच्या डायजेस्टने (मजकुरावरून काढलेल्या ओळख-क्रमांकाने) डिलीट करा. त्याच डायजेस्टवरचे बाकीचे टॅगही जातात, हे ध्यानात ठेवा. रजिस्ट्रीकडून उत्तरात ४०५ हा कोड आला, तर सेटिंगमध्ये डिलीट बंद आहे. २०२ आला, तर मॅनिफेस्ट गेला. जागा मात्र गार्बेज कलेक्शन (कुठल्याच मॅनिफेस्टमध्ये नसलेले लेयर पुसण्याचे काम) चालवल्यावरच सुटते. आधी 'ड्राय रन' (काहीही न पुसता केलेली चाचणी) करून काय काय जाणार ते नीट वाचा.

गार्बेज कलेक्शन चालू असताना रजिस्ट्री रीड-ओन्लीच (फक्त वाचता येईल अशी) हवी, यात हयगय नको. कोणी पुश करत (इमेज चढवत) असेल, तर नुकताच चढलेला लेयर अजून कुठल्याच मॅनिफेस्टमध्ये नसतो. तो कचरा म्हणून पुसला जातो आणि इमेज मोडते.

शेवटी रजिस्ट्री रीस्टार्ट करा. नाहीतर मेमरीतली कॅश (लेयरच्या तात्पुरत्या नोंदी) पुसलेला लेयर 'आहे' असेच सांगते, आणि तीच इमेज पुन्हा पुश केली तरी तो लेयर चढत नाही.