निशादीप्त राहू द्या, आधी खळं बघा

खानापूर तालुक्यातल्या एका हायस्कूलच्या बाईंनी विचारलंय. त्यांच्या नववीच्या मुलांनी विज्ञान प्रदर्शनासाठी तक्ता केला, ‘वातावरणाच्या वरच्या थरातील बर्फाचे ढग’. पाहुणे म्हणून आलेले एक गृहस्थ म्हणाले, ‘बर्फाचे ढग’ हे मराठी नव्हे, ‘हिममेघ’ लिहा. आणि त्यांतल्या सगळ्यांत उंच ढगांना ‘निशादीप्त मेघ’. मुलांनी त्या निशादीप्तांचं चित्र काढलं, खाली आपला बेळगावजवळचा राजहंसगड काढला, आणि आता बाईंना प्रश्न पडलाय की बरोबर काय.

बाई, पहिल्यांदा मुलांची पाठ थोपटा. त्यांनी ‘वातावरण’ हा शब्द त्याच्या खऱ्या अर्थानं वापरला. बेळगावात हल्ली चार ढग जमले की रिक्षावाल्यापासून बँकेतल्या साहेबापर्यंत जो तो म्हणतो, ‘वातावरण झालंय’. अहो, वातावरण कधी नव्हतं? ते नसतं तर तुमचं हे वाक्य ऐकायला मी उरलो असतो का? ‘आभाळ येऊलालंय’ असं आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या म्हणायच्या, त्यात काय कमी होतं? ‘आभाळ’ ह्या शब्दातच अभ्र, म्हणजे ढग, बसलेला आहे. तो शब्द गावंढळ ठरला आणि ‘वातावरण’ सुशिक्षित झालं.

‘बर्फ’ फारसी, म्हणून मराठी नव्हे, हा मुद्दा एका वाक्यात निकालात निघतो. पाहुण्यांनी ज्यावर बोट ठेवलं तो ‘तक्ता’ही फारसीच. पुढे चला.

‘मेघ’ मात्र मला खरंच खटकतो, पण वेगळ्या कारणानं. वेदांतल्या शब्दांची व्युत्पत्ती सांगणाऱ्या निरुक्त ह्या जुन्या ग्रंथात त्याचा कर्ता यास्क विचारतो, मेघाला मेघ का म्हणायचं? ‘मेहति’ म्हणून, म्हणजे तो शिंपडतो म्हणून. (मधुमेहातला ‘मेह’ ह्याच घराण्यातला. हे नववीच्या वर्गात सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा.) आता सिरस, म्हणजे ते पिंजलेल्या कापसासारखे विरळ उंच ढग, शिंपडतात का? त्यांतून बर्फाचे कण खाली झरतात, पण वाटेतच वाफ होऊन जातात. जमिनीपर्यंत काही पोचत नाही. जो शिंपडत नाही तो मेघ कसला? यास्काला प्रमाण मानणाऱ्यानं ‘हिममेघ’ म्हणूच नये. आमचे एक मित्र म्हणतात, हा नुसता हट्ट आहे, रूढी बलवत्तर. असेल. कालिदासाच्या यक्षानं निरोप्या म्हणून आषाढातला पाण्यानं भरलेला ढग गाठला, सिरस नव्हे, एवढंच त्यांना सांगतो.

‘निशादीप्त’, म्हणजे रात्री उजळणारा, हा शब्द तर ‘नॉक्टिल्युसंट’ ह्या मूळ लॅटिन नावाचीच चूक उचलून आणतो. हे ढग स्वतः उजळत नाहीत. जमिनीपासून साधारण 83 किलोमीटरवर, जिथं हवेचा दाब इथल्या लाखाव्या हिश्शाहूनही कमी, तिथं ते असतात. सूर्य मावळून आपल्याकडे अंधारलं तरी इतक्या उंचावर ऊन पोचतं, त्या उन्हात ते चमकतात. 1885 साली, क्राकाटोआ ज्वालामुखीच्या 1883 च्या स्फोटानंतर संध्याकाळची आभाळं निरखणाऱ्या युरोपातल्या लोकांच्या ते नजरेत भरले. जर्मनीच्या ऑटो येस्से यांनी 1887 मध्ये त्यांचे फोटो काढले आणि पुढे दोन ठिकाणांहून घेतलेल्या फोटोंवरून उंची मोजली. गंमत म्हणजे ते उन्हाळ्यातच दिसतात, कारण तो थर उन्हाळ्यातच सर्वांत गार असतो: हवा वर चढते, फैलावते, आणि तापमान उणे 120 अंश सेल्सिअसच्याही खाली जातं. उल्का जळून उरलेल्या धुरकट कणांवर तिथलं जेमतेम पाणी गोठतं. नासानं ह्यांच्याच अभ्यासासाठी 2007 मध्ये एआयएम नावाचा उपग्रह सोडला होता. नाव हवंच असेल तर ‘सांजउजळ ढग’ म्हणा. दुसरं चांगलं सुचलं तर मला कळवा.

पण बाई, हे सगळं बाजूला ठेवा. तुम्ही विचारायला हवा होता तो शब्द तुमच्या मुलांच्या घरातच पडलाय: खळं.

चंद्राला खळं पडतं. ते पडलं की समजावं, डोक्यावर बर्फाचा ढग आहे. सहा-सात किलोमीटरच्या वर, आपल्या अक्षांशांत कधी सोळा किलोमीटरपर्यंतही, बर्फाच्या षट्कोनी स्फटिकांचा पातळ पडदा असतो. चंद्राचा उजेड त्यांत वळतो आणि चंद्रापासून 22 अंशांवर कडं दिसतं. मोजायला यंत्र नको. हात लांब करा, अंगठा चंद्रावर ठेवा, करंगळी ताणा: एक वीत. करंगळी कड्याला टेकते.

आता खळं म्हणजे दुसरं काय? मळणीची जागा. येळ्ळूरच्या शिवारात लहानपणी पाहिलेलं खळं मला अजून दिसतं: धोपटून, शेणानं सारवून केलेली गोल जमीन, मधोमध रोवलेली मेढ, म्हणजे खांब, मेढीला बांधलेली बैलांची पात, म्हणजे रांग. आतल्या बाजूला म्हातारा बैल, कारण त्याला जवळजवळ जागच्या जागी वळायचं असतं. बाहेरच्या कडेला तरणा, त्याला पळावं लागतं. मळणी उरकली की आतली जमीन झाडून काढलेली आणि कडेनं पेंढ्याची पिवळी कड. चंद्राचं खळं नीट बघा: कड्याच्या आतलं आभाळ बाहेरच्यापेक्षा काळसर असतं, झाडून घेतल्यासारखं, आणि कडा उजळ. नाव ठेवणाऱ्यानं फक्त गोल आकार पाहिला नव्हता, असं माझं ठाम मत आहे.

आणि आता ऐका. इंग्रजीत ह्या कड्याला ‘हेलो’ म्हणतात (फोनवरचा नव्हे). तो ग्रीक ‘हालोस’वरून आला, आणि हालोसचा मूळ अर्थ? मळणीची जागा! खळ्याचं मूळ संस्कृत ‘खल’, ते ऋग्वेदातही आहे. हालोसशी त्याचं रक्ताचं नातं नाही. ग्रीसच्या शेतकऱ्यानं वर पाहिलं, आमच्या शेतकऱ्यानं वर पाहिलं, दोघांना एकच दिसलं.

ह्यावर धारवाडच्या एका निवृत्त प्राध्यापकांशी माझं वाजलेलं आहे. त्यांच्या मते खळ्याचा हा अर्थ इंग्रजी शिकलेल्यांनी हेलोवरून भाषांतर करून आणला. सर, माझ्या आजीला इंग्रजीच काय, मराठी अक्षरही येत नव्हतं, आणि ती अंगणातून सांगायची, ‘खळं लांब, पाऊस जवळ’. शिकलेल्यांकडे ह्याच कड्याला ‘परिवेष’ हा संस्कृत शब्द होता. वराहमिहिरानं बृहत्संहितेत त्यावर अख्खा अध्याय लिहिलाय. भाषांतरच करायचं असतं तर पंडितांनी हातातला परिवेष टाकून शेण-पेंढ्याचा शब्द उचलला असता? शिवाय आभाळाला खळं समजणं आपल्याकडे जुनंच आहे. भागवताच्या पाचव्या स्कंधात ध्रुव ही मेढ, आणि तारे तिच्याभोवती फिरणारी मळणीची जनावरं. मेढ आहे, जनावरं आहेत, मग खळं काय लंडनहून यायचं होतं? सरांनी अजून उत्तर दिलेलं नाही.

आजीच्या वाक्यातही दम आहे. चंद्राला चिकटलेलं लहान रंगीत कडं पाण्याच्या बारीक थेंबांचं, एक वीतभर लांबचं बर्फाचं. आजीचा पाऊस दर वेळी आला असं मी म्हणणार नाही, आमच्या भागात तो भरवसा नाही. पण थेंब आणि स्फटिक हा फरक तिनं नुसत्या डोळ्यांनी केला होता. आंध्रातल्या गादंकीला लेझरचा झोत वर सोडून सिरसांचा अभ्यास करतात, तिथंही हीच फोड लागते: गोल थेंबावरून परतलेल्या उजेडाच्या कंपनांची दिशा कायम राहते, कोनेदार स्फटिकांवरून परतताना ती विस्कटते.

हो, तक्ता. ‘बर्फाचे ढग’ तसंच राहू द्या. चित्रातला राजहंसगड तेवढा खोडायला सांगा. ते सर्वांत उंच ढग दिसतात ते बहुतेक 50 ते 65 अक्षांशांच्या पट्ट्यात. आपण सोळाच्याही अलीकडे. गड ठेवायचाच असेल तर वर चंद्र काढा, आणि त्याला एक वीत सोडून खळं.