हवाई चपलेच्या तळव्यात एवढी बारीक छिद्रं कशी पाडतात?

पाडत नाहीत, ती आतून फुगतात. ढोकळ्यात सोडा जे करतो, तेच इथे अ‍ॅझोडायकार्बोनामाइड नावाची पिवळी पूड करते. ती रबरात मळायची आणि साच्यात दाबून तापवायचं. एकटी पूड साधारण २०० अंश सेल्सिअसला फुटते. झिंक ऑक्साइड सोबत असेल तर बरंच आधी. एका ग्रॅममधून २०० मिलिलिटरच्या आसपास वायू निघतो, मुख्यतः नायट्रोजन.

खरी गोम वेळेची आहे. रबर पक्कं करायला त्यात गंधकही असतो; त्याने रबर आधीच पक्कं झालं तर ते फुगत नाही. पक्कं व्हायला उशीर झाला तर वायू निसटतो आणि साच्यातली रबराची लादी बसते. जमलं, की साचा उघडताच लादी टुणकन मोठी होऊन बाहेर येते (समोर उभं राहू नये!).

जुनी चप्पल ब्लेडने कापून बघा, कप्पे बंद दिसतील. म्हणून ती पाण्यावर तरंगते.